कारखान्याची उपमा कुठवर न्यावी?

'शरीर म्हणजे एक कारखाना' ही उपमा न वापरता मानवी शरीर शिकवणारा शिक्षक विरळाच. हृदय हा पंप, फुप्फुसे हे भाते, मूत्रपिंडे ही गाळणी आणि मेंदू हे मुख्य कार्यालय. या उपमेचे सर्वांत गाजलेले चित्र जर्मन डॉक्टर फ्रिट्झ कान यांनी १९२६ साली प्रसिद्ध केले. त्यात पोटात सरकते पट्टे आहेत, जागोजागी नळ्या आहेत आणि डोक्यातल्या खोल्यांत टेबलाशी बसलेली माणसे आहेत.

चित्राचा गुण मान्य करायला हवा. कोणता अवयव काय काम करतो, हे त्यावरून चटकन कळते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांना तर कारखाना समजावून सांगावाच लागत नाही; अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी पाळीवर जाते. आमचा आक्षेप पुढचा आहे. खात्यांची ओळख झाली की शिकवणे थांबते. श्वसनसंस्थेचा तक्ता गुंडाळायचा आणि उत्सर्जन संस्थेचा उघडायचा, एवढेच उरते.

या पद्धतीची परीक्षा याच शहरांत झाली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये वायुगळती झाली. लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास घेणे जड गेले. अशा वेळी एखाद्या मुलीने विचारले, "वायू नाकात गेला, मग छाती का धडधडली?" तर सुट्या तक्त्यांत त्याचे उत्तर सापडत नाही.

उत्तर असे आहे. डोळे, नाक व श्वसनमार्गातील चेतातंतू झोंबणाऱ्या वायूची खबर मेंदूच्या तळाशी पोचवतात. तेथून प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होतात : पाणी येते, खोकला येतो, श्वसनी आकसतात. भीतीमुळे अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात आणि हृदयाचे ठोके वाढतात. श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, तर रक्ताची आम्लता वाढते आणि त्यामुळेच श्वासाचा वेग वाढतो. ही स्थिती टिकली तर मूत्रपिंडे पुढचे काही दिवस जादा आम्ल बाहेर टाकतात. या सर्वांना जोडणारे रक्त प्रौढ शरीरात सुमारे ५ लिटर असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण तेवढेच रक्त पुढे ढकलते.

येथे हुकूम सोडणारा साहेब कोणीच नाही. रक्तातला बदल हाच संदेश आणि तो बदल मागे फिरवणे हेच काम. डोक्यात बसवलेली माणसे नेमकी इथे दिशाभूल करतात.

हा वाद केवळ चित्रापुरता नाही. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून नाकाघशालाच लगेच झोंबतो आणि माणूस दूर पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड कमी विरघळतो. तो थेट वायुकोशांपर्यंत पोचतो आणि काही तासांनंतरही फुप्फुसांत पाणी भरू शकते. घशाची जळजळ थांबली म्हणजे धोका टळला, असे मानणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. श्वसनमार्ग म्हणजे नुसती नळी, अशी समजूत असली तर ते कळणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. धडा संपल्यावर मुलांना बसल्या जागी एक मिनिट नाडी व श्वास मोजायला लावावे. मग तीस उठाबशा काढायला लावून दर मिनिटाला दोन्ही पुन्हा मोजावे, आकडे पूर्ववत होईपर्यंत. जिना चढताना दम लागणाऱ्या किंवा आजारी मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. शेवटी एकच प्रश्न विचारावा : यात कोणकोणत्या संस्थांनी भाग घेतला आणि कोणी कोणाला कळवले? उत्तरे फळ्यावर बाणांनी जोडावीत. त्या बाणांच्या जाळ्याशेजारी कारखान्याचे चित्र ठेवले, तर त्यात काय नाही ते मुलेच दाखवतील.