गागाभट्ट पुन्हा काशीत

शिंदे घाटावर मराठ्यांचा इतिहास खचलेला दिसतो, तोही अक्षरशः. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास इथं एवढा अवजड दगड घातला की काठाच्या मातीला तो पेलवला नाही. शेजारी रत्नेश्वराचं देऊळ कललेलं. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात नाहीतर गाळात असतो. देऊळ बांधून आईचं ऋण फेडलं म्हणणाऱ्याला मिळालेला हा शाप, असं घाटावरची मंडळी सांगतात.

याच काठानं दक्षिणेला, अस्सीच्या पलीकडे, बनारस हिंदू विद्यापीठाच्या मैदानावर २०२३ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ‘जाणता राजा’ झालं. तिथं मात्र सगळं ताठ आणि झळझळीत: हत्ती, घोडे, मशाली, आणि अंगरखे चढवलेली हौशी माणसं. १९८५ पासून या महानाट्यानं अशाच माणसांच्या जिवावर गावं पालथी घातली आहेत. दिवसा नोकरी, रात्री मावळा.

या माणसांना स्वतःचा आवाज नसतो. संवाद आधीच ध्वनिमुद्रित. नटानं ओठ हलवायचे, हात उगारायचे. अमेरिकेत प्लिमथच्या पुन्हा उभारलेल्या जुन्या वस्तीत पोशाख घातलेली माणसं १६२७ सालात राहतात आणि पुढचं काही विचारलं तर गोंधळल्यासारखं करतात. तिथं बोलणं ज्याचं त्याचं. आपल्याकडे देह उसना दिला जातो. नाट्य म्हणून ही उणीवच आहे, असं मला बरेच दिवस वाटे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा प्रवेश नीट पाहिला की मत डळमळतं.

कारण ६ जून १६७४ ला रायगडावर जे झालं, तेही पुन्हा उभं केलेलंच होतं. असा अभिषेक प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी हयात नसावं. काशीच्या गागाभट्टांनी तो पोथ्यांतून जुळवला आणि त्याचा विधी लिहून काढला. पूर्वेला पेशवे मोरोपंत, सोन्याच्या कलशात तूप. दक्षिणेला हंबीरराव, चांदीच्या कलशात दूध. पश्चिमेला तांब्याच्या कलशात दही, उत्तरेला मधाचा कलश. कुणी कुठं उभं राहायचं, हातात काय धरायचं, सगळं ठरलेलं. रणांगण गाजवलेला सरनोबत दुधाचा कलश सावरत उभा! मंत्र दुसऱ्याचे, देह आपला. मैदानावर मुकाट्यानं ओठ हलवणारा कारकून त्या हंबीररावाच्या फार जवळ जातो, भाषण ठोकणाऱ्या नटापेक्षा जवळ.

एका बाबतीत मात्र रंगमंच गडापुढे फिका पडतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी रायगडावर हजर होता. दाराशी दोन लहान हत्ती पाहून हे इतक्या अवघड वाटेनं वर आलेच कसे, या कोड्यात तो पडला. मैदानात हत्ती आला की टाळ्या पडतात, पण ते कोडं पडत नाही. सपाट जमिनीवर ते पडणार तरी कसं?

काशीच्या प्रयोगाची खरी गंमत गागाभट्टांच्या प्रवेशात. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. पणजोबा नारायणभट्टांचं नाव विश्वेश्वराच्या मंदिराच्या उभारणीशी जोडलेलं, ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट सख्खे काका. गोदावरीकाठचं घर गंगेकाठी रुजलं आणि त्यातला एक विद्वान मुळाकडे परत येऊन राजावर छत्र धरवून गेला. पुण्यात हे पात्र दूरच्या तीर्थाहून आलेला पाहुणा वाटतं. काशीत तेच घरचं माणूस, आणि राजा परगावचा. संवादातला एक शब्दही न बदलता प्रवेशाचं तोंड फिरतं.

बायजाबाईंना मात्र असा प्रवेश मिळालेला नाही. पती दौलतरावांच्या मागं ग्वाल्हेरचा कारभार हाकलेली आणि १८३३ मध्ये दत्तकपुत्राच्या कारकिर्दीत तिथून बाहेर पडावं लागलेली ही बाई हौशी नटीसाठी मोठं आव्हान ठरेल. तो प्रवेश मैदानात नको. पाणी ओसरल्यावर शिंदे घाटावरच करावा, आणि ध्वनिफितीशिवाय.