‘बटाट्याची चाळ’ : मालकी आणि व्याकरण

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाकडे हरवलेल्या शेजारधर्माचे स्मरण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. हे पुस्तक मुळात भाडेकरूंचे आहे, आणि त्याची साक्ष शीर्षकातील षष्ठीच देते. बटाटे हे मूळ मालकाचे आडनाव. आदरार्थी अनेकवचनाने चाळ ‘बटाट्यांची’ व्हावयास हवी होती. अनुस्वार गळाला आणि मालक भाजीच्या पंक्तीस जाऊन बसला. भाडे घेणाऱ्यावर भाडे देणाऱ्यांनी उगवलेल्या या सुडाला निव्वळ श्लेष म्हणून सोडून देता येणार नाही.

‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरणाचे नाव याहून बोलके आहे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेत ‘महाराष्ट्र’ हा कर्ता स्पष्ट होता. येथे क्रियापद स्त्रीलिंगी झाले, परंतु कर्ता लुप्त आहे. ‘चाळ’ अध्याहृत धरावी, तर ती बिऱ्हाडकरूंची कधीच नव्हती. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्यांच्या खोलीला संरक्षण दिले, भाडेही गोठविले. (मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, तिचे एक कारण हेच.) गच्चीचा उल्लेख मात्र भाडेपावतीवर सहसा नसावयाचा. मागणी करणाऱ्यांजवळ घोषणा आहे, हक्काचे नाम नाही. या प्रकरणातील विनोद त्या उणिवेतून निर्माण होतो.

अखेरच्या ‘चिंतना’त हा ताण सैल पडतो. लेखक हळवा होतो, आणि चाळ कोणाची हा प्रश्न मागे राहतो. आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकांत नेमके तेच प्रकरण उद्धृत करतात.