नांगराची रात्र : चिल्डर्स् आणि रॅन्सम्

इंग्रजी वाङ्मयांत हेरकथांचा जो आज एवढा सुकाळ झाला आहे त्याचें मूळ शोधूं लागलें म्हणजे टीकाकार बहुधा अर्स्किन् चिल्डर्स् याच्या 'दि रिडल् ऑफ् दि सँड्स्' या १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरीपाशीं येऊन थांबतात. इंग्लंडवर स्वारी करण्याचा जर्मनांचा गुप्त बेत, आणि तो हुडकून काढणारे दोन इंग्रज तरुण, असें कथानक असल्यामुळें हें मत चुकीचें म्हणतां येत नाहीं. परंतु आमच्या मतें तें अपुरें आहे; आणि चांगल्या पुस्तकाची प्रतिकूल मतानें होत नाहीं एवढी हानि कित्येकदां अशा अपुऱ्या स्तुतीनें होते. या कादंबरीचा खरा विषय हेरगिरी नव्हे. उथळ व फसव्या किनाऱ्यानें लहानशा शिडाच्या नावेंतून जाणाऱ्या माणसानें रोज दिवस मावळण्यापूर्वीं रात्रीचा नांगर कोठें टाकावा, हा तिचा विषय आहे. स्वारीचा बेत हें त्या विषयाला लाभलेलें निमित्त होय.

हें म्हणणें पटण्यास त्या किनाऱ्याची थोडी ओळख हवी. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यासमोर बोर्कुम्, यूइस्ट्, नॉर्डर्नाय्, बाल्ट्रुम्, लांगेओग्, श्पीकरोग् व वांगरोग् अशीं सात वस्तीचीं बेटें एका रांगेंत पसरलीं आहेत. तीं आणि मुख्य भूमि यांच्यामधील कांहीं मैल रुंदीच्या पट्ट्यास समुद्र म्हणणें निम्म्या दिवसापुरतेंच खरें. भरती असतां तेथें नजर पोंचेल तेथवर पाणी दिसतें. सहा तासांनीं पाहावें तों चिखलवाळूचें मैदान उघडें पडलेलें असतें, आणि पाणी उरतें तें नागमोडी ओहळांत. पाण्याचा चढउतार सुमारें आठ फुटांचा. त्यांतून प्रत्येक बेटाला भरतीचें पाणी दोन्ही टोकांकडून वळसा घालून येतें. हे दोन प्रवाह बेटाच्या पाठीमागें जेथें भेटतात तेथें त्यांचा वेग मरतो, गाळ खालीं बसतो, आणि पाण्याखालीं एक उंचवटा तयार होतो. बेटांच्या आडून जाणाऱ्या नावेला हा उंचवटा भरतीच्या माथ्याच्या सुमारासच ओलांडतां येतो. घटका चुकली कीं तळ टेकला, व पुढील भरतीपर्यंत तेथेंच मुक्काम पडला! वाटेच्या खुणा म्हणून किनाऱ्यावरील लोकांनीं चिखलांत रोवलेल्या डहाळ्या काय त्या असतात. कोकणांतल्या नाखव्यास यांतलें पुष्कळसें सांगण्याची गरज नाहीं. उधाण आणि भांग हे त्याचे रोजचे शब्द आहेत. पण आमच्या पदवीधर वाचकांना भांग ठाऊक असतो तो केंसांतला, किंवा फार तर शिवरात्रीची ठाऊक असते. अष्टमीच्या सुमारास समुद्राला जी मंद भरती येते तिलाहि भांगच म्हणतात हें त्यांस कोशांत पाहावें लागतें. म्हणून एवढा विस्तार केला.

अशा पाण्यांत रात्रीची जागा निवडणें ही बुद्धीची मोठीच कसोटी आहे. संध्याकाळीं जेथें पाणी निवांत आहे तेथें मध्यरात्रीं तें असेलच असें नाहीं. नांगर टाकतांना पाणी दोन वांव असेल आणि भरतीला तें दुपटीच्या जवळ जाणार असेल, तर दोर सोडावयाचा तो भरतीच्या पाण्याच्या हिशेबानें, समोर दिसणाऱ्या पाण्याच्या नव्हे. खोलीच्या कित्येक पट दोर बाहेर असल्यावांचून नांगराचें फाळ आडवें ओढलें जाऊन तळाला रुतत नाहीं. प्रवाह उलटला म्हणजे नाव नांगराभोंवतीं फिरणार, तेव्हां त्या सगळ्या वर्तुळांत कोठें उथळ जागा असतां कामा नये. तळ कसला आहे हेंहि पाहिलें पाहिजे. घट्ट चिखल असल्यास ठीक. गुळगुळीत खडक असेल तर नांगर नुसता घसरत जाईल. यासाठीं खोली मोजण्याच्या शिशाला खालून चरबी लावून सोडतात, व तिला चिकटून वर काय येतें तें पाहतात. वारा आज नैर्ऋत्येचा असला तरी पहांटे वायव्येचा झाल्यास आडोसा कशाचा? आणि सर्वच बिनसलें तर अंधारांत बाहेर निघण्यास वाट कोणती?

चिल्डर्स् याचें कौशल्य असें कीं, या प्रश्नांची त्यानें शिकवणी केली नाहीं, त्यांतून दोन माणसें उभीं केलीं. परराष्ट्रखात्यांतील कॅरदर्स् हा कडक इस्त्रीचा तरुण. नौकाविहार म्हणजे पांढऱ्या पोशाखांतले खलाशी व गादीच्या खुर्च्या, अशी त्याची समजूत. त्याचा मित्र डेव्हिस् याची 'डल्सिबेला' ही नाव निघते ती एका जुन्या जीवरक्षक होडीवरून बनविलेली, उथळ तळाची, मध्यें खालींवर करतां येणारी फळी बसविलेली. डेव्हिस् बोलण्यांत अडखळतो, चारचौघांत अवघडतो. पण नकाशा गुडघ्यावर आला कीं तो निराळाच माणूस होतो. वाळूवर नाव रुतणें ही इतरांना आपत्ति वाटते. याच्या लेखीं ती विश्रांति आहे. मोठ्या जहाजाला जेथें मृत्यु तेथेंच लहान नावेला आसरा, कारण ओहोटींत उघडी पडणारी वाळूची पाठ लाटांपुढें भिंतीसारखी उभी राहते, हा त्याचा सिद्धान्त. कॅरदर्स् याला तो हळूहळू पटत जातो, आणि त्याच्याबरोबर आपणांसहि. प्रथम कंटाळवाणीं वाटणारीं भरतीचीं वेळापत्रकें पुस्तकाच्या मध्यापर्यंत आपण स्वतःच उलगडूं लागतों, आणि पाणी किती उरलें याची चिंता डेव्हिस् इतकीच आपल्यालाहि लागते. तांत्रिक तपशिलानें कादंबरी रुक्ष होते असें मानणारांनीं हा अनुभव एकदां घ्यावा.

खलपुरुषाच्या अपराधाचें स्वरूपहि याच ज्ञानानें ठरलें आहे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. डॉलमन् हा डेव्हिस् याला तुफानी वाऱ्यांत जवळच्या वाटेनें नेण्याचें आश्वासन देतो, आपल्या मोठ्या नौकेच्या मागें येण्यास सांगतो, आणि वाळूच्या दांड्यांमध्यें त्याला सोडून पुढें निघून जातो. 'डल्सिबेला' वाळूवर आदळते. बार्टेल्स् नांवाचा एक साधा जर्मन गलबतवाला मदतीस येतो म्हणून ती वांचते. येथें सुरा नाहीं, विष नाहीं, एक खोटें वाक्यहि जवळजवळ नाहीं. पण अनोळखी पाण्यांत वाटाड्या होण्याचें पत्करून मागच्याला बुडूं देणें याहून नीच कृत्य दर्यावर्दी माणसाच्या नीतिशास्त्रांत नसेल. आणि वाचक तोंवर त्या नीतिशास्त्रांत मुरलेला असल्यामुळें त्याचा संताप खरा असतो. एका सामान्य जर्मन माणसाच्या हातून नायकाचे प्राण वांचवून लेखकानें आपल्या राष्ट्राभिमानाला जो लगाम घातला आहे, त्याचीहि दाद दिली पाहिजे.

दाट धुक्यांत नॉर्डर्नायहून मेमर्टच्या वाळूपर्यंत वल्हवीत जाण्याचें प्रकरण हा या पुस्तकाचा कळस आहे. कॅरदर्स् वल्हीं मारतो. डेव्हिस् समोर होकायंत्र, घड्याळ व नकाशा घेऊन बसलेला, काठीनें तळ चांचपीत. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, आणि तरीहि सर्व दिसतें! त्यानंतर मात्र पुस्तक उतरणीला लागतें. चोरून ऐकलेलीं संभाषणें, संशयानें भारलेलीं जेवणें, यांत कसब आहे, पण तें कोणाहि चतुर लेखकाला साधेल. डॉलमन् याच्या कन्येचें प्रेमप्रकरण तर ओढून आणलेलें आहे. ती आली कीं वारा पडतो. पुस्तकाचें सार कटांत आहे असें समजणारे वाचक टीकाकारांतच निघाले असें नाहीं. १९१० सालीं ट्रेंच् व ब्रँडन् हे दोन ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर टेहळणी करतांना पकडले गेले व लाइप्त्सिक येथील न्यायालयानें त्यांस चार वर्षांची किल्लेकैद दिली. दोघांनींहि ही कादंबरी वाचलेली होती.

लेखकाला स्वतःला हें पाणी ठाऊक होतें. १८९७ सालीं 'व्हिक्सन्' या आपल्या नावेंतून तो या बेटांमधून हिंडला होता. पुढें १९१४ च्या नाताळांत कुक्सहाफेनवर झालेल्या वैमानिक हल्ल्यांत त्यानें ब्रिटिशांसाठीं वाट दाखविण्याचें काम केलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें त्यानें 'असगार्ड्' या नौकेंतून आयरिश स्वयंसेवकांना बंदुका पोंचविल्या होत्या, आणि १९२२ च्या नोव्हेंबरांत आयरिश यादवींत नव्या आयरिश सरकारानेंच त्यास गोळी घातली.

या पुस्तकाशेजारीं आर्थर् रॅन्सम् याची १९३७ सालची 'वुइ डिड्न्ट् मीन् टु गो टु सी' ही कादंबरी ठेवण्यासारखी आहे. ती मुलांसाठीं लिहिलेली म्हणून आमच्याकडील प्राध्यापकवर्ग तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीं. तो तोटा त्या वर्गाचा. चार भावंडें 'गॉब्लिन्' नांवाच्या नावेंत हार्विच् बंदरांत नांगरून आहेत. नावेचा तरुण मालक इंधन आणण्यास किनाऱ्यावर जातो आणि तेथें अपघातांत सांपडून परत येत नाहीं. धुकें उतरतें. भरती चढते. साखळी सोडलेली आहे ती ओहोटीच्या पाण्यापुरती. नांगर घसरूं लागतो. वडील मुलगा जॉन् अधिक साखळी सोडावयास जातो तों ती सगळीच्या सगळी त्याच्या हातून पाण्यांत निघून जाते. एवढ्या एका चुकीवर सबंध कादंबरी उभी आहे! कट नाहीं, खलपुरुष नाहीं; पाणी वाढत गेलें, एवढेंच. बंदराबाहेर जाणार नाहीं असें आईला वचन दिलेलें, आणि आतां वांचावयाचें तर उथळ दांड्यांपासून दूर, खोल समुद्रांत गेलें पाहिजे, हें जॉन् याला कळतें तो क्षण आम्हांस चिल्डर्स् याच्या कोणत्याहि रहस्यस्फोटापेक्षां मोठा वाटतो. मुलें रात्रभर वादळांत नाव हांकून हॉलंडमधील फ्लशिंग् गांठतात. ती वाट खरोखर साध्य आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रॅन्सम् आदल्या वर्षीं स्वतः आपल्या नावेंतून तेथवर जाऊन आला होता. चिल्डर्स् याला जें ज्ञान कथानकाला जोडून घ्यावें लागलें, तें रॅन्समच्या हातीं स्वतःच कथानक झालें आहे. या एका बाबतींत धाकट्याची सरशी आम्ही मान्य करतों.

आतां उपग्रहांवरून नावेची जागा थोड्या हातांच्या फरकानें कळते आणि नांगर घसरला तर यंत्र ओरडून उठवितें. तेव्हां हीं पुस्तकें जुनीं झालीं, असा आक्षेप येईल. यंत्र नांगर घसरल्याचें सांगतें. तो कोठें टाकावा हें सांगत नाहीं. शिवाय त्या वाळूचे दांडे जाग्यावर राहत नाहींत. चिल्डर्स् याच्या नकाशानें आज कोणी जाऊं लागेल तर तो पस्तावेल. मेमर्ट् आतां पक्ष्यांसाठीं राखलेलें बेट आहे, सभोंवारच्या पाण्याचें १९८६ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि कांहीं भागांत नावा नेण्यावर निर्बंध आहेत. पण कादंबरी त्या नकाशावांचून वाचूं नये. ज्या स्वस्त आवृत्त्यांतून लेखकाचे नकाशे गाळले आहेत त्या घेण्यापेक्षां वाचकानें एखाद्या ग्रंथालयांतली जुनी प्रत मागून आणावी, आणि नकाशा सुटा होत आला असेल तर तो शेजारीं उलगडून ठेवूनच वाचण्यास बसावें.