फिट ‘खरी’ की ‘खोटी’? रक्ताच्या चाचणीची चिकित्सा

ठाण्याच्या खोपट एसटी स्थानकावर रांगेत उभी असलेली एक मुलगी अचानक खाली कोसळते आणि हातपाय झाडू लागते, असे समजा. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबतो. दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते आणि गर्दीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “फेफरे आहे.” दुसरा म्हणतो, “नाटक आहे, परीक्षा जवळ आली असेल.” असा प्रसंग वर्गात घडला की निवाडा करण्याची पाळी शिक्षकांवर येते. हा निवाडा रक्ताची एक चाचणी करू शकते, असे सांगितले जाते. हे म्हणणे कितपत टिकते, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

चाचणीमागील कल्पना सुरेख आहे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पियुषिका ग्रंथीतून स्रवते. अधश्चेतकाकडून येणारे डोपामिन या स्रावाला एरवी लगाम घालून ठेवते. अपस्माराच्या झटक्यात मेंदूतील विद्युत वादळ अधश्चेतकापर्यंत पोहोचले, की हा लगाम सुटतो आणि रक्तातील प्रोलॅक्टिन वाढते. मानसिक ताणातून येणाऱ्या झटक्यात असे वादळ नसते, म्हणून ही वाढही सहसा होत नाही. लंडनच्या मायकेल ट्रिंबल यांनी १९७८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा फरक मांडला आणि चाचणीविषयी मोठी आशा निर्माण झाली.

पुढे अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २००५ साली निष्कर्ष दिला. मोठ्या, सर्वांगाच्या झटक्यानंतर १० ते २० मिनिटांत रक्त घेतले, तर अपस्माराच्या सुमारे ६० टक्के झटक्यांत वाढ दिसते. मानसजन्य झटक्यांपैकी सुमारे ९६ टक्क्यांत ती दिसत नाही. शुद्ध अंशतः हरपणाऱ्या लहान झटक्यांत तर अपस्मार असूनही निम्म्याहून कमी वेळा वाढ सापडते.

९६ हा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी फळ्यावर एक हिशेब मांडू. असे मोठे झटके आलेली १०० माणसे घ्या. त्यांतील ८० जणांना अपस्मार आहे आणि २० जणांचे झटके मानसजन्य आहेत, असे धरू. ८० पैकी ४८ जणांत प्रोलॅक्टिन वाढेल, ३२ जणांत वाढणार नाही. २० पैकी एखाद्यात वाढेल, १९ जणांत वाढणार नाही. म्हणजे वाढ न झालेले एकूण ५१. ‘वाढ नाही, तेव्हा अपस्मार नाही’ असे म्हणून त्या सर्वांना घरी पाठवले, तर त्यांतील ३२ जण अपस्माराचेच रुग्ण असतील! उलट वाढ झालेल्या ४९ पैकी ४८ जणांना अपस्मार असेल. थोडक्यात, ही चाचणी एकाच दिशेने बोलते. वाढ दिसली तर तो अपस्माराच्या बाजूचा पुरावा. दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. ८० आणि २० ऐवजी ५० आणि ५० धरून विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

वाढीचा अर्थही सरळ नाही. भोवळ येऊन शुद्ध हरपली तरी प्रोलॅक्टिन वाढू शकते. तेव्हा प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे राहून कोसळलेल्या मुलाबाबत ही चाचणी निरुपयोगी आहे. गर्भारपण, स्तनपान आणि मनोविकारावरील काही औषधे यांमुळेही पातळी मुळातच चढलेली असते. म्हणून काही तासांनी दुसरा नमुना घेऊन तुलना करावी लागते. शिवाय वेळेचे काय? खोपटहून रिक्षा मिळवून, वाहनांच्या गर्दीतून वाट काढत रुग्णालय गाठेपर्यंत ती २० मिनिटे बहुधा निघून गेलेली असतात. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णासाठीच ही चाचणी थोडीफार सोयीची आहे.

पण आमचा मुख्य आक्षेप चाचणीवर नाही, ‘खरी’ आणि ‘खोटी’ या शब्दांवर आहे. मानसजन्य झटका हे सोंग नव्हे. तो माणूस जाणूनबुजून पडत नाही आणि ठरवून थांबूही शकत नाही. त्याचा आजार खराच असतो, फक्त उपाय वेगळा असतो. अपस्माराची औषधे त्याला उपयोगी पडत नाहीत, त्याला मानसोपचार लागतात. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात. अशांच्या बाबतीत एका नमुन्यावरून माणसावर शिक्का मारणे अधिकच धोक्याचे.

आणि हे शिक्के आपल्याकडे फार महाग पडतात. १९९९ ची दुरुस्ती होईपर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला बाधक बाब होती. कायदा बदलला, पण सोयरीक जुळवताना होणारी कुजबुज थांबलेली नाही. दुसरीकडे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. ‘ठाण्याला पाठवा’ ही थट्टा महाराष्ट्रभर चालते. मग ‘मनाचा आजार’ हे शब्द ऐकून आईबाप हादरले तर नवल नाही.

मग निदान कशावर करायचे? झटका येत असतानाच त्याचे चित्रण आणि मेंदूचा विद्युत आलेख एकत्र घेणारी व्हिडिओ ईईजी ही सर्वांत भरवशाची तपासणी आहे. ती सर्वत्र मिळत नाही; अशा वेळी डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मोलाची ठरते. ती साक्ष शिक्षक देऊ शकतात. झटका किती मिनिटे टिकला? डोळे उघडे होते की मिटलेले? सुरुवात कोणत्या अवयवापासून झाली? जीभ चावली गेली का? नंतर भान यायला किती वेळ लागला? यांतील कोणतीही एक खूण निर्णायक नाही, पण साऱ्या मिळून डॉक्टरांना वाट दाखवतात. मोबाइलवर चित्रण केले तर ते फक्त पालकांकडे आणि डॉक्टरांकडे जावे.

त्या वेळी मात्र निदानाच्या फंदात पडू नये. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा-चप्पल दूर ठेवावी आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय गाठावे. शुद्धीवर आलेल्या मुलाला पहिला चेहरा दिसेल तो बहुधा शिक्षकाचा. त्या चेहऱ्यावर संशय नसावा.