कुठून, कुठे, कधी

आमच्या रेवदंड्याला तसं सगळं आहे. पोर्तुगीजांचा किल्ला आहे, कुंडलिकेची खाडी आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. नाही ती फक्त आगगाडी. आमच्या अलिबाग तालुक्यात रूळच नाहीत असं मात्र समजू नका. पेणपासून थळपर्यंत रूळ आले आहेत, पण ते खताच्या कारखान्यासाठी. त्यांच्यावरून युरिया रुबाबात जातो आणि माणसं एस. टी.च्या रांगेत उभी राहतात. त्यामुळे आगगाडी हा आमच्याकडे बसण्याचा नसून वाचण्याचा विषय आहे. माझ्या लहानपणी घरी खुंटीवर पंचांगाशेजारी रेल्वेचं वेळापत्रक टांगलेलं असे आणि इतर मुलं ज्या भक्तीनं राक्षसांच्या गोष्टी वाचत, त्या भक्तीनं मी ते वाचत असे. तेव्हा या वाङ्मयप्रकारावर चार शब्द समीक्षेचे लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार पोचतो.

पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि मग कळलं की वेळापत्रकाचा मोह मला का होता. ती खतावणी होती! डाउन गाड्या वरून खाली वाचायच्या, अप गाड्या खालून वर. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. तळाला बारीक अक्षरात टिपा, आणि सगळं मर्म त्या टिपांत : 'फक्त रविवारी', 'उतरण्यापुरती थांबते'. पण त्या पुस्तकाचा खरा गुण वेगळाच. तुम्ही विचारलं नव्हतं तेही ते सांगायचं. चिपळूणची गाडी शोधताना नजर घसरून पुढच्या रकान्यात जायची आणि समजायचं, अरे, दुपारचीही एक आहे! अख्खा दिवस एका पानावर पसरलेला असायचा. आपण फक्त बोट फिरवायचं.

आता नव्या कृतीकडे वळतो. गाड्यांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचा मी जुना वाचक. (नाव घेत नाही. नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी आहेत.) जुनी आवृत्ती दिसायला ओबडधोबड, रंग लग्नाच्या मांडवासारखे, पण स्टेशनाचं नाव दिलं की तिथं थांबणाऱ्या सगळ्या गाड्या ओळीनं हजर व्हायच्या. एके दिवशी उघडलं तर सगळं पांढरंशुभ्र. मध्यभागी एक हसरं कुटुंब, सुटकेसी घेऊन. त्यांना गाडी सापडलेली दिसत होती. खाली तीन चौकोन : कुठून? कुठे? कधी? आणि त्याखाली नारिंगी बटण. बस्स. ते ओळीचं पान गायब.

एरवी मी यावर दोन दिवस कुरकुरलो असतो आणि विसरलो असतो. पण २०२५ च्या पावसाळ्यात कुडाळहून फोन आला की मामाचं काही खरं नाही. तो आईची आठवण काढतोय. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला एस. टी.चे हेलपाटे झेपत नाहीत, आणि मुंबईच्या बाजूला उलटं जाऊन रात्रीची गाडी धरणं त्याहून नाही. ती एवढंच म्हणाली, "रोह्याहून दिवसाउजेडी एखादी गाडी असेल तर बघ रे."

बघतो म्हटलं आणि बसलो. 'रोह' एवढं लिहीपर्यंत त्यानं मला हरियाणात रोहतकला नेऊन ठेवलं. तिथून परत आलो. मग आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करा म्हणाले. नऊ चित्रांपैकी पूल असलेली चित्रं ओळखायची होती. साळावच्या पुलावरून ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याला पूल ओळखता येऊ नये? पण आले नाहीत. तिसऱ्या खेपेला माझं माणूसपण मान्य झालं. एक चक्र फिरू लागलं. ते विष्णूच्या हातातल्यासारखं गोल गोल फिरलं आणि उत्तर आलं : 'या मार्गावर गाडी उपलब्ध नाही.'

त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं. दरडींच्या भीतीनं गाड्या सावकाश चालवतात, म्हणून वेळाच बदलतात. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. मला वाटलं, तारखेत घोळ असेल. तारीख बदलली. पुन्हा चक्र, पुन्हा नाही. मग कोपऱ्यातलं एक बोलकं चित्र आपण होऊन म्हणालं, 'मी आपली काय सेवा करू?' मी लिहिलं, 'रोह्याला कोणत्या गाड्या थांबतात?' त्यानं मला गोव्याच्या हॉटेलांची यादी दिली.

आई दारात उभी होती. "नाही का रे?" म्हणाली. मी "नाही" म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. देवापाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बँकेत आमच्या कणकवलीकडच्या शिपायाला हे सांगितलं. तो माझ्याकडे, मी चेक उलटा धरलाय अशा नजरेनं बघत राहिला. "साहेबांनू, दिव्याची गाडी आसा मा! दिव्यासून सावंतवाडीक जाता. रोह्याक थांबता. तिकीट खिडकेर काढायचा आणि बसायचा."

ती बिनआरक्षणाची. आणि ते नवं संकेतस्थळ फक्त आरक्षणाची तिकिटं विकायला बसलेलं! माझी समीक्षा इथंच पुरी होते. जुनं पुस्तक प्रवाशासाठी लिहिलेलं होतं, नवं गिऱ्हाइकासाठी. जी गाडी दुकानात विकायला नाही ती जगातही नाही. बरं, 'आमच्याकडे नाही' म्हणावं की नाही? ते सरळ 'गाडी नाही' म्हणतं. आमच्या बँकेत कुणी असं बोललं असतं तर... असो, त्याकडे येतो.

१४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी त्वेरहून निघून, कास्पियन ओलांडून, इराणातून, होर्मुझवरून गलबतानं आमच्या शेजारच्या चौलला उतरला. विकायला बरोबर एक घोडाही होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तो ज्याला त्याला विचारत आला. मला रोह्याहून कुडाळ गाठायला शिपाई लागला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी स्मारकावरून जाताना स्वतःला समजावलं.

आई गेली. खिडकी मिळाली. सोबतच्या माणगावच्या बाईनं तिला चहा पाजला. मामानं तिला ओळखलं, 'उशीर केलास' म्हणाला. आणखी चार दिवस काढले त्यानं.

रजा संपवून काउंटरवर बसलो, तर समोर एक कोळीण, हातात ओलसर पासबुक. "भाऊ, पैसं आलं का रं?" आमच्या बँकेचाही पडदा नुकताच बदललाय. पूर्वी एका बोटाला खातं उघडायचं, आता सहा चौकोन भरावे लागतात. मी सवयीनं म्हणालो, "मावशी, मोबाइलवर बघा ना." मोबाइल नव्हता. मग विचारलं, "कुठून यायचे होते? कुठल्या खात्यात? कधी?"

"मना कसा म्हाईत?" ती म्हणाली. "बँकेन तू बसतंस का मी?"

पासबुक छापायचं यंत्र बंद होतं. मी आतून तिचं खातं काढलं आणि शेवटच्या पाच नोंदी हातानं लिहून दिल्या. खाली बारीक अक्षरात एक टीपही घातली.