दारावरची घंटा कुणासाठी?

‘धोक्याची घंटा’ हा शब्द आपण इतका वापरतो, की त्यातली घंटा आता ऐकूच येत नाही. वर्तमानपत्रात ती रोज वाजते. पाऊस लांबला, धोक्याची घंटा. भाव पडले, धोक्याची घंटा. आपण पान उलटतो. मला मात्र आजीच्या गोठ्यातली खरी घंटा आठवते. रात्री गायीच्या गळ्यातली घंटा संथ वाजत असली की आजी गाढ झोपायची. ती एकदम घाईनं वाजू लागली, की कंदील घेऊन उठायची. साप असेल, कुत्रं असेल, नाहीतर दाव्यात पाय अडकला असेल. काय झालंय ते घंटा सांगत नाही. ऊठ, एवढंच सांगते. पुढचं काम उठणाऱ्याचं.

‘शिलप्पदिकारम्’ पुन्हा वाचताना हे आठवलं. हे तमिळ काव्य रचणारे इळंगो अडिगळ परंपरेनं जैन मुनी मानले जातात. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८९२ साली जुन्या ताडपत्रांवरून ते छापलं. आपल्याकडे स्वाध्यायात त्याचं नाव निघतं ते बहुधा दोनच गोष्टींसाठी : कवी जैन, आणि नायिका पतिव्रता. मी ते अनुवादातूनच वाचते. पण या खेपेला मला त्यात जागोजागी घंटा ऐकू आल्या.

पहिली घंटा पुहारची, म्हणजे चोळ राजाच्या दारावरची. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं ती वाजवावी, आणि राजानं उठून बाहेर यावं, असा करार. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं, तेव्हा गायीनं ती वाजवली. राजानं स्वतःच्या पोराला रथाच्या चाकाखाली घातलं. ही कथा आपण ‘केवढा न्यायी राजा’ म्हणून सांगतो. पण काव्यात ती कोण सांगतं, कुठं सांगतं, ते बघा. नवऱ्याचा खून झालेली कण्णगी पांड्य राजासमोर उभी राहून आपल्या गावाची ओळख म्हणून ती सांगते. आमच्याकडे गायीला दाद मिळते, असा तो टोला आहे.

मग मदुराईत काय चुकलं? घंटा तिथंही होती. मुकाट राहिली, कारण तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. सगळी पुंजी गमावलेला कोवलन बायकोचं नूपुर विकायला बाजारात येतो. राणीचं नूपुर ज्या सोनारानं लांबवलेलं, तोच त्याला चोर ठरवतो. राजा त्या वेळी रुसलेल्या राणीची समजूत काढायला निघालेला. चौकशी नाही, साक्ष नाही; चालता चालता हुकूम दिला, मारा आणि नूपुर आणा. सोनाराला घंटा वाजवावी लागली नाही, तो आतल्या गोटातला होता. दारावरची घंटा बाहेरच्यासाठी असते. जो घात आतूनच होतो, त्याची खबर ती देत नाही.

बाकीच्या घंटांना टीकाकार अपशकुन म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कोवलन घरून निघतो तेव्हा एक बैल अंगावर येतो. तो वाईट इशारा हे गवळ्यांना ठाऊक; कोवलन व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला काय कळणार? इशारा ज्याच्यासाठी, त्याला त्याची भाषा यावी लागते. मग गवळीवाड्यात दूध विरजत नाही, लोणी वितळत नाही, गायींच्या गळ्यातल्या घंटा तुटून पडतात. मादरी गवळण बरोबर ओळखते, काहीतरी येतंय. आणि करते काय? बायका जमवून देवासाठी फेर धरते. राजवाड्यात राणीला स्वप्न पडतं : राजदंड आणि छत्र कोसळतंय, दारावरची घंटा थरथरतेय. ती धावत राजाला सांगायला जाते, तेवढ्यात कण्णगी दारात येऊन ठेपते.

ऐकलं ते बायकांनी. पण कोवलन तोवर मेलेला होता. एकीनं पूजा केली, दुसरीनं नवऱ्याच्या कानावर घातलं. दोघींच्या हातात तेवढंच होतं, हे खरं. तरी कवी त्यांना त्यावर सोडून देत नाही. मादरी पुढं आगीत उडी घेते.

शेवटची घंटा कण्णगीच्या हातात आहे. जुनं नूपुर आतून पोकळ, त्यात खडे, म्हणून ते वाजतं. राणीच्या नूपुरात मोती, हिच्या नूपुरात माणकं. ती ते राजासमोर आपटून फोडते. तमिळमध्ये ‘मणि’ म्हणजे रत्न आणि ‘मणि’ म्हणजे घंटाही. दारावरची मणि वाजून जे झालं नाही, ते या मणीनं उडून राजाच्या तोंडावर आदळून केलं. राजा स्वतःला चोर म्हणतो आणि तिथंच प्राण सोडतो. या काव्याला नूपुराचं नाव का, हे मला तिथं कळलं.

आता माझं भांडण. मदुराईची देवता येऊन कण्णगीला सांगते, की कोवलननं मागल्या जन्मी एका निरपराध व्यापाऱ्याला हेर ठरवून मारवलं होतं, हे त्याचं फळ. आपण जैन बायका इथं मान डोलावतो. मीही डोलावते, कर्म मी नाकारत नाही. पण आपल्या व्याख्यानांत काव्य इथंच संपवतात, ते चूक. त्यात कवुंदी नावाची आर्यिका आहे. तिनंच या दोघांना मदुराईपर्यंत सोबत केली, तिनंच त्यांना मादरीच्या स्वाधीन केलं. बातमी कळल्यावर ती ‘ज्याचं त्याचं कर्म’ म्हणून माळ ओढत बसत नाही. त्यांचं कर्म माझ्या संगतीतच फळाला यावं का, या प्रश्नानं ती अन्न सोडते आणि देह ठेवते. कर्म मानणारीनंच स्वतःला जाब विचारला.

हे मला लागलं, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत एक सून होती. आधी मंदिरात रोज यायची, मग अष्टमी-चतुर्दशीला, मग तेही नाही. एकदा दशलक्षणात माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, “काकू, मला रात्री झोप लागत नाही हो.” बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मी तिला काय सांगितलं? णमोकार म्हणत जा. दुसरीनं व्रत सुचवलं, तिसरी म्हणाली, भोग असतात एकेकीचे. आम्ही सगळ्यांनी तिच्याभोवती फेर धरला आणि घरी आलो. चार महिन्यांनी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. तिनं त्याला पत्र लिहिलं होतं म्हणे. आम्हाला सांगून काही होत नाही, हे तिनं ओळखलं असणार.

म्हणून सांगते, हे काव्य पातिव्रत्यासाठी वाचायचं तर वाचा. पण पुढच्या खेपेला त्यातल्या घंटा मोजा, आणि प्रत्येक घंटेला कोण उठलं, ते बघा. मी मोजल्या. चोळ राजा सोडला तर वेळेवर कुणीच उठलेलं नाही. आणि मीही नाही.