शोभा की सेवा?

चित्रकाराच्या स्टुडिओत एखादी जुनी नक्षीदार झारी, तांब्या वा समई हमखास आढळते. अशा वस्तूला चित्रात जागा मिळते. काम मिळतेच असे नाही. बहुधा ती स्त्रीच्या शेजारी नुसती शोभेला उभी असते.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र याला सन्मान्य अपवाद आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र आजही पुष्कळजण राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रकाराची कन्या गीता हाती दिवा घेऊन उभी आहे. तिने ज्योतीला हाताचा आडोसा केला आहे; बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आणि चेहरा उजळतो. हे सारे जलरंगात! जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. तेथे चूक सहसा झाकता येत नाही. मुद्रा काहीशी नाटकी आहे, हा आक्षेप मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच: दिवा काढला, तर चित्रच विझेल.

फ्रेंच चित्रकार मातीस याने लग्नात, १८९८ साली, भेट मिळालेले चांदीचे चॉकलेटपात्र पुन्हापुन्हा रंगविले. तेथे भांडे नायक आहे. हळदणकरांकडे ते सेवक आहे, आणि त्या सेवेतच त्याचा मान आहे.

पिंपरी-चिंचवडच्या आपल्या घरांतही आजीचे पितळ शोकेसमध्ये चकाकते. वेदीजवळ समई उभी असते. तिच्या उजेडात कोणाचा चेहरा दिसतो, हा प्रश्न हे चित्र आपल्यापुढे ठेवते.